आधी अक्षर की आधी मत?



लोकशाही आणि शिक्षण यांचा विचार निघाला की एक मत हमखास ऐकू येते : आधी प्रजा शिकावी, मग तिच्या हाती राज्य द्यावे. जॉन स्टुअर्ट मिल हा व्यक्तिस्वातंत्र्याचा थोर पुरस्कर्ता. पण प्रातिनिधिक शासनावरील १८६१ च्या ग्रंथात त्यानेही निरक्षरांना मताधिकार नाकारला आणि सुशिक्षितांना अधिक मते सुचविली. मात्र त्याआधी शिक्षण सर्वांच्या आवाक्यात आणणे हे समाजाचे कर्तव्य आहे, असेही त्याने बजावले होते.

हिंदुस्थानात या कर्तव्याचा राज्यकर्त्यांना विसर पडला. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण त्याच दिशेने जाणारे गोखल्यांचे १९११ चे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळाने पुढच्याच वर्षी फेटाळले. शाळेचे दार उघडायचे नाही आणि बाहेर राहिलेल्यास अडाणी म्हणून मतही द्यायचे नाही, हा न्याय कोणता?

सायमन आयोगासाठी १९२९ साली लिहिलेल्या निवेदनात डॉ. आंबेडकरांनी या भूमिकेचे मूळच छेदले. निरक्षर माणूस निर्बुद्ध असतो असे नाही आणि साक्षरतेबरोबर शहाणपण येतेच असेही नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. १९५१ च्या जनगणनेत शंभरांत सुमारे अठराच माणसे साक्षर होती; तरीही संविधानाने प्रत्येक प्रौढाला मत दिले. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी मात्र राज्याला दहा वर्षांची मुदत घातली. मतदाराने आपले काम पहिल्याच निवडणुकीत केले. राज्याची मुदत टळली; सहा ते चौदा वयोगटासाठी शिक्षणाचा मूलभूत हक्क २०१० साली अमलात आला.

जुना प्रश्न अजून मिटलेला नाही. हरियाणाने २०१५ साली पंचायतीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. राजस्थानने तशीच अट घालून २०१९ मध्ये मागे घेतली. शाळा देण्यात राज्य चुकले. त्याची शिक्षा मात्र शाळा न मिळालेल्या स्त्रीपुरुषांना भोगावी लागते.

मग लोकशाहीत शाळेचे काम काय? आंबेडकरांचे कोलंबिया विद्यापीठातील गुरू जॉन ड्यूई यांच्या दृष्टीने लोकशाही ही शासनपद्धतीहून व्यापक अशी सहजीवनाची रीत आहे. ती रीत वर्गात अंगवळणी पडते : वेगवेगळ्या घरांतली मुले एका बाकावर बसतात, विरुद्ध मत शेवटपर्यंत ऐकून घेतात, गुरुजींनाही मातृभाषेत निर्भयपणे ‘का?’ असे विचारतात. हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या शाळेने आपल्या यशाचा हिशेब या ‘का’मध्येही मांडावा. तिथे शिकलेला विद्यार्थी उद्या मतदानाच्या रांगेत आपल्या पुढे उभ्या असलेल्या निरक्षर म्हातारीला स्वतःच्या बरोबरीची मानील, तर त्याचे शिक्षण पुरे झाले.