दवाखान्यात धुराचा हिशेब सांगा

(द्रोणागिरी येथे महिला बचत गटांच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गटाच्या वहीत आपण शंभर रुपयांची बचत लिहितो, हप्ता चुकला तर दंडही लिहितो. पण आपल्या छातीत किती वर्षांचा धूर गेला, हे कुठल्याच वहीत नसतं. आज त्या हिशेबाबद्दल बोलायचंय.

माझ्या सासूबाईंना कित्येक वर्षं खोकला होता. सकाळी उठलं की बेडका पडायचा. बाजारातून घरी येईपर्यंत दोनदा कुणाच्या तरी ओट्यावर बसायच्या. म्हणायच्या, "वय झालं गो." दवाखान्यात विचारलं, "विडी-सिगारेट ओढता का?" त्या म्हणाल्या, "नाय." खरंच ओढत नव्हत्या. खोकल्याची बाटली घेऊन आम्ही परत आलो. चुलीपुढची पस्तीस वर्षं कुणी विचारली नाहीत आणि आम्हीही सांगितली नाहीत. सासरे घरातच विडी ओढायचे, तेही सांगायचं राहिलं.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी हे सगळं विचारलं. नळीत जोरात फुंकायची तपासणी केली, तिला स्पायरोमेट्री म्हणतात. तेव्हा कळलं, सीओपीडी आहे. यात श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात आणि दम हळूहळू वाढत जातो.

हा आजार विडीवाल्यांचाच, असं आपल्याला वाटतं. विडी-सिगारेट हे मोठं कारण आहेच. पण पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की जगातल्या अशा रुग्णांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. लाकूड, गोवऱ्या यांचा धूर हे त्याचं एक मोठं कारण.

आपल्याकडे गॅस आला, तरी आंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून चुलीवर असते. पावसाळ्यात ओली लाकडं आणि बंद खिडकी. म्हणून हिशेब असा मांडा:

विडी-सिगारेट : रोज किती आणि किती वर्षं. सोडली असेल तर कधी सोडली.

चूल : रोज किती तास आणि किती वर्षं. रोज ४ तास, ३० वर्षं, म्हणजे ४ गुणिले ३० बरोबर १२०. लग्नाआधीची माहेरची वर्षंही धरा.

दुसऱ्याचा धूर : घरात कोण ओढतं, किती वर्षं.

मशेरीही सांगा, लाजू नका. ती तोंडाच्या कॅन्सरला बोलावते आणि भाजताना तिचाही धूर छातीत जातो.

आता सासऱ्यांचं. त्यांचीही तपासणी केली, तर तोच आजार निघाला. म्हणाले, "आता सोडून काय उपयोग?" डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "गेलेलं फुप्फुस परत येत नाही. पण विडी सोडली की पुढची झीज मंदावते. जे उरलंय ते जास्त दिवस पुरेल." तीनदा सोडली, तीनदा धरली. चौथ्यांदा सुटली. ज्यांच्या घरी असंच चाललंय, त्यांनी १८००-११-२३५६ या सरकारी मोफत नंबरवर फोन करावा. तंबाखू सोडायला मदत मिळते.

आणि एक. डॉक्टरांनी पंप दिला तर "सवय लागेल" म्हणून बंद करू नका. त्याची सवय लागत नाही. औषध थेट छातीत जातं, म्हणून थोडंच पुरतं.

खोकला-बेडका महिनोन्‌महिने असेल, आपल्याच वयाच्या बायका चढण चढून गेल्या आणि तुम्ही मागे धापा टाकत राहिलात, तर "वय झालं" म्हणू नका. आशाताईंना सांगा, फुंकायची तपासणी कुठे होते ते विचारा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपला आणि घरातल्या मोठ्या माणसांचा हिशेब एका कागदावर लिहून आणा. तोच कागद दवाखान्यात न्यायचा. डॉक्टरांनी विचारलं नाही, तर आपण सांगायचं.