अकरावा तास

आज एका इंग्रजी बोलण्याविषयी सांगतो. ते आहे 'ॲट द इलेव्हन्थ अवर'. शब्दाला शब्द लावला तर 'अकराव्या तासाला'. पण घड्याळातल्या अकराशी त्याचा काही संबंध नाही, बरं का!

१९८८ सालची गोष्ट. आमच्या गावातल्या एका शेतकऱ्याला मुलीसाठी वसतिगृहात जागा हवी होती. कचेरीचं पत्र आलं, तेही इंग्रजीत. शनिवार शेवटचा दिवस, अर्ज अकराव्या तासापर्यंत लांबवू नका, असं त्यात होतं. एका पोरानं ते वाचून सांगितलं, "काका, अकरा वाजता अर्ज घेत नाहीत. नंतर जा." बिचारा शनिवारी दोन वाजता पोहोचला. कचेरी एकलाच बंद झाली होती. मुलीचं ते वर्ष वाया गेलं. पत्र वाचणारा पोरगा माझ्याच वर्गातला. हे शब्द मी त्याला नीट शिकवले नव्हते.

हे बोलणं आलं बायबलातून. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे. त्या देशात तेव्हा दिवसाचे तास सूर्य उगवल्यापासून मोजत. उगवतीपासून मावळतीपर्यंत बारा तास. सहावा तास म्हणजे भर दुपार. अकराव्या तासाला दिवस मावळायला आपल्या हिशेबाने अडीच घटका उरत.

एक द्राक्षमळेवाला पहाटेच बाजारात गेला. एक चांदीचे नाणे रोज ठरवून त्याने मजूर लावले. पुढे तीनदा जाऊन आणखी माणसे आणली. अकराव्या तासाला पाहतो तो काही जण तसेच उभे! त्यांना दिवसभर कोणी काम दिलंच नव्हतं. त्यांनाही त्याने मळ्यात धाडलं. सांजेला सगळ्यांना सारखाच रोज दिला. सकाळपासूनचे मजूर कुरकुरले. दिवसभर उन्हात राबलेल्याला राग येणारच. पण कामाविना उभ्या राहिलेल्याच्या घरीही चूल असतेच की!

तर अकरावा तास म्हणजे अगदी शेवटची वेळ. मात्र ती टळलेली नसते. उद्या संप व्हायचा आहे आणि आज रात्री तडजोड झाली, तर ती अकराव्या तासाला झाली असं इंग्रजीत म्हणतात. आपण 'ऐन वेळी' म्हणतो. संप सुरू झाल्यावर तडजोड झाली, तर हे शब्द चालत नाहीत.

त्या शेतकऱ्याने पुढच्या वर्षी पत्र थेट माझ्याकडे आणलं. मुदतीला आठ दिवस होते. मी त्याच दिवशी अर्ज लिहून दिला. मुलीला जागा मिळाली.