कॉम्प्रेसरची फ्रेम आणि कामगाराची सही
(कार्यकर्ता प्रशिक्षण वर्गातील भाषण)



वर्कशॉपमध्ये हवेवर काय काय चालते हे रेल्वेवाल्यांना सांगायला नको. कॉम्प्रेसर बंद पडला की अर्धे शॉप बसून राहते आणि पहिली चार्जशीट ऑपरेटरच्या नावाने निघते. क्रँकशाफ्ट तुटला तर "तेलाकडे लक्ष नव्हते" हे वाक्य तयारच असते. पण शाफ्ट तुटण्याचे मूळ पुष्कळदा मशीन बसवले त्या दिवसात असते. फ्रेम वाकडी आवळली गेलेली असते.

ठेकेदाराचा माणूस स्पिरिट लेव्हल ठेवतो, बुडबुडा मध्ये दाखवतो आणि म्हणतो, झाले, करा सही. लेव्हल पाहिलीच पाहिजे, पण ती पुरत नाही. फ्रेम बिडाची असली तरी बोल्टपुढे वाकते. एक पाय अधांतरी असेल तर बोल्ट आवळल्यावर तो खाली ओढला जातो. वरून सारे ठीक दिसते, आत मात्र मेन बेअरिंगची रांग सरळ राहत नाही. मग प्रत्येक फेऱ्याला क्रँकच्या दोन वेबमधले अंतर उघडते आणि मिटते. मिनिटाला ६०० फेरे धरले तर आठ तासांच्या पाळीत २ लाख ८८ हजार वेळा! तार मागेपुढे वाकवून तोडतो, तसाच हा प्रकार.

तपासायचे कसे? सगळे बोल्ट आवळलेले ठेवा. पायावर डायल गेज लावून एकच बोल्ट सैल करा. काटा ०.०५ मि.मी.पेक्षा जास्त उठला तर तिथे शिम हवी. तो आवळून मग पुढचा घ्या.

त्यानंतर वेबचे माप. आधी मेन स्विच बंद करून कुलूप, किल्ली फिटरच्या खिशात, लाइनमधली हवा सोडलेली. हे झाल्याशिवाय क्रँककेसमध्ये हात घालायचा नाही, साहेब कितीही घाई करोत. क्रँकपिनच्या समोरच्या बाजूला दोन वेबमध्ये गेज बसवा, शून्य करा, शाफ्ट हाताने फिरवत वर, खाली आणि दोन्ही बाजूंना आकडे लिहा. कनेक्टिंग रॉड आड येतो, म्हणून खाली त्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक आकडा घ्यावा. कंपनीच्या पुस्तकात मर्यादा असेल ती पाळा. नसेल तर स्ट्रोकचा दहा हजारावा हिस्सा, हा जुना ठोकताळा आहे. २५० मि.मी. स्ट्रोकला ०.०२५ मि.मी. म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. डोळ्याला ते कसे दिसणार?

हे माप एकदा घेऊन भागत नाही. ग्राउटिंगच्या आधी घ्या. ग्राउट पक्के झाल्यावर जॅक-स्क्रू सैल करून, बोल्ट आवळून पुन्हा घ्या. पाइप जोडल्यावर तिसऱ्यांदा, कारण फ्लँज ओढून-ताणून जोडला की तोच पाइप सिलिंडर आणि फ्रेमला खेचतो. मशीन चालून गरम झाल्यावर चौथ्यांदा. सिमेंटचे ग्राउट ओले असताना मशीन चालू करणारे ठेकेदार मी पाहिले आहेत, बिल लवकर निघावे म्हणून!

प्रशासन म्हणते, एवढा वेळ नाही. दोन फिटर, एक डायल गेज आणि पाळीतले काही तास, एवढाच हा खर्च आहे. शाफ्ट बदलायला किती दिवस शॉप बंद ठेवावे लागेल ते त्यांनीच सांगावे. टपाल खात्यातील बांधवांनाही न तपासलेल्या यंत्राच्या कागदावर सही मागितली जाण्याचा अनुभव नवा नसेल.

म्हणून शाखांनी लेखी मागणी द्यावी: चारही वेळचे आकडे ऑपरेटर आणि फिटर यांच्यासमोर घ्यावेत, तारखेसह रजिस्टरमध्ये लिहावेत आणि एक प्रत ऑपरेटरला मिळावी. आकडे नसतील तर ताबा घेतल्याच्या कागदावर "माप दाखवले नाही" असे लिहून खाली सही करा.