वाचन अडले, म्हणून विचार अडतो का?

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक-शिक्षक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या साठ वर्षांचा आढावा इतर वक्ते घेतीलच. मला बोलायचे आहे ते वाचायला वेळ लागणाऱ्या मुलांविषयी. त्यांचे वाचन अडखळते आणि आपण त्यांच्या बुद्धीविषयीच शंका घेऊ लागतो.

हरियाणात गुरुग्रामजवळ, मानेसर येथे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. डिसेंबर 2003 मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी ते राष्ट्राला अर्पण केले. आपल्या मराठी शाळेचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. परंतु या केंद्राने वाचन-अक्षमता, म्हणजेच डिस्लेक्सिया, ओळखण्यासाठी ‘डाली’ हा चाचणीसंच तयार केला आणि तो हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. त्यात शिक्षकांसाठी निरीक्षण-सूची आहेत. एक पहिली-दुसरीसाठी, दुसरी तिसरी ते पाचवीसाठी. निदान मानसशास्त्रज्ञांनी करायचे. शिक्षकाने मूल नीट पाहायचे.

चाचणी मराठीतच का हवी? ‘किरण’ लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चार मात्र ‘क’चा आधी. ‘सूर्य’मधला ‘र’ उच्चारायचा ‘य’च्या आधी, पण तो बसतो ‘य’च्या डोक्यावर! सरावलेल्या डोळ्यांना यात काहीच वावगे वाटत नाही. एखादे मूल नेमके येथेच अडत असेल, तर इंग्रजी चाचणीतून ते कळावे कसे?

आता विचाराकडे वळते. मानेसर ज्या राज्यात आहे, त्याच राज्यात पानिपत आहे. सातवीच्या वर्गात ‘पानिपतची तिसरी लढाई केव्हा झाली?’ असे विचारले की अस्खलित वाचणारी मुले ‘14 जानेवारी 1761’ म्हणून मोकळी होतात. एकदा बाईंनी विचारले, ‘‘लढाईआधी आपल्या सैन्याची उपासमार का झाली?’’ वर्ग गप्प. बाईही गप्प राहिल्या. काही वेळाने, एरवी ओळ वाचतानाही घाम फुटणाऱ्या एका मुलाने विचारले, ‘‘बाई, दिल्लीची वाट तेव्हा कोणाच्या ताब्यात होती?’’ अब्दाली यमुना उतरून मराठे आणि दिल्ली यांच्यामध्ये आला होता. रसद तुटली ती त्यामुळे. धड्यातील सर्वांत महत्त्वाची गाठ त्या मुलाने एका प्रश्नात पकडली होती.

बाईंच्या त्या मौनाला माझ्या लेखी मोठे मोल आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात दाखवून दिले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात; तीन सेकंद थांबले, तर उत्तरे लांबतात, कारणे सांगितली जातात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. फक्त तीन सेकंद! अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत तेवढेही आपल्याला जड जातात, हे मी सहकाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

येत्या जूनपासून पहिली ते पाचवीचे वर्गशिक्षक या निरीक्षण-सूची वापरतील. वरच्या वर्गांत वाचन-लेखनाची अडचण असलेल्या मुलांना घटक चाचणीत तोंडी उत्तराची मुभा राहील. पालकहो, याविषयी शाळेचे पत्र घरी आले, तर ते गुणपत्रिकेसारखे वाचू नका आणि मुलासमोर तर मुळीच नको. भेटायला या. शनिवारी शाळा सुटल्यानंतर मी कार्यालयातच असते.