गाळे बांधण्याआधीचा हिशेब
(वार्षिक सभेतील भाषण)



शाळेच्या रस्त्याकडील जागेवर सहा गाळे बांधावेत व त्यांच्या भाड्यावर विनाअनुदानित वर्ग चालवावेत, अशी सूचना पुढे आली आहे. सूचना चांगली आहे. पण आपण गाळे गुणिले भाडे गुणिले बारा एवढे करून थांबतो, म्हणून थोडे बोलावयाचे आहे.

उदाहरणादाखल गाळ्यास महिना ५,००० रुपये भाडे धरू. वर्षाचे ३,६०,००० झाले. प्रत्येक गाळा वर्षातून एक महिना तरी रिकामा राहील किंवा भाडे थकेल, उरले ३,३०,०००. घरपट्टी, विमा, रंग, गळती, शटरची दुरुस्ती, ऑडिट यांसाठी तीस टक्के काढा. हाती २,३१,०००. आता १५ लाखांचे कर्ज १० टक्क्यांनी १० वर्षांसाठी घेतले, तर हप्ते वर्षाला २,३७,८७६ रुपये होतात. वर्ग चालवणे दूरच, पहिल्या वर्षी जवळजवळ सात हजार फीमधून घालावे लागतील! १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातील ४ टक्के वाढ धरली, तरी दुसऱ्या वर्षीची शिल्लक दोन-अडीच हजार.

बांधकामाचा अंदाजही बेताचा नको. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत पाया खोल न्यावा लागतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उमरगा-लोहारा भागात काय झाले ते बुजुर्गांनी पाहिले आहे. लोखंडात काटकसर करू नये.

मग तूट भरायची कशी? येथे सर्वांची नजर भाडेकरूंच्या डिपॉझिटवर जाते. बिनव्याजी पैसा, हप्ता भागतो! पण अनामत हा शब्द ‘अमानत’ वरूनच आला आहे. गाळा सोडताना ती रक्कम मागितली जाणार. ती बांधकामात घातली, तर परत करण्यासाठी नवा भाडेकरू शोधावा लागतो, आणि तो मिळेपर्यंत जुना हलत नाही. डिपॉझिट वेगळ्या खात्यात ठेवावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

केंद्रीय वक्फ परिषदेने १९७४-७५ पासून शहरी वक्फ मिळकतींच्या विकासासाठी बिनव्याजी कर्जे दिली, हे खरे. पण ती वक्फ मिळकतींसाठी. आपली जागा सार्वजनिक न्यासाची आहे. न्यासाला कर्ज काढण्यास, तसेच इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

तेव्हा माझी सूचना अशी : माजी विद्यार्थी व व्यापारी बंधूंकडून देणगी जमेल तेवढ्यातच आधी दोन किंवा तीन गाळे बांधावेत, पाया मात्र वरच्या मजल्याचे ओझे पेलेल असा घ्यावा. पहिल्या गाळ्यांच्या शिल्लकीतून पुढचे होतील. वेळ लागेल, पण वर्ग गहाण पडणार नाहीत.

भाडेकरू ओळखीचा असला तरी भाडेपत्र लेखी व नोंदलेले हवे. ही जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे; तसे नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. नोंदणीचा खर्च अंदाजपत्रकात आजच घालावा.