चित्रपटगृहांचे दप्तर



चित्रपटगृहांच्या इतिहासाचा विचार करण्यासाठी भरलेल्या या परिषदेस आपण गावोगावांहून अगत्यपूर्वक आलात, याबद्दल स्वागतसमितीच्या वतीने मी आपले अंतःकरणपूर्वक स्वागत करतो.

या परिषदेचे यजमानपद गिरगावाकडे यावे, यात औचित्य आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे एक रुपया दराने दाखविण्यात आली, तेव्हा ती साहेबलोकांची व धनिकांची करमणूक होती. परंतु ३ मे १९१३ रोजी याच गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला आणि चाळीतल्या माणसाला आपल्या पुराणातला राजा पडद्यावर प्रत्यक्ष दिसला. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’च्या रूपाने पडदा बोलू लागला, तेव्हा लोटलेली गर्दी आवरण्यासाठी पोलिसांना पाचारण करावे लागले, पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ने त्या पडद्याला मराठी वाणी दिली, आणि १९३६ साली सेंट्रलमध्ये लागलेल्या ‘संत तुकाराम’चा मुक्काम वर्षभरानंतरही हलला नाही.

नटनटींची चरित्रे लिहिली गेली, दिग्दर्शकांना मानपत्रे मिळाली, ते योग्यच झाले. परंतु ज्या वास्तूत गिरणीकामगार, कारकून, गृहिणी आणि विद्यार्थी, पिटात आणि बाल्कनीत विभागलेले का होईना, एका छपराखाली एकाच क्षणी हसले आणि गहिवरले, तिची हकीकत मात्र फारशी नोंदली गेली नाही. कॉरोनेशन गेले, मॅजेस्टिकही गेले; १९९३ साली बंद पडलेले ऑपेरा हाउस जीर्णोद्धारानंतर २०१६ साली पुन्हा उघडले, हे भाग्य थोड्यांच्याच वाट्याला येते. चित्रपटाच्या प्रती निघतात, चित्रपटगृहाची दुसरी प्रत नसते. आणि वास्तू पडली, की तिच्यात घडलेल्या प्रेक्षकसमाजाची स्मृतीही निराधार होते.

म्हणून माझी आपणांस कळकळीची विनंती आहे, की आपापल्या गावातील चित्रपटगृहांचे परवाने, हिशेबाच्या वह्या, हस्तपत्रिका आणि नकाशे मिळतील तेथून मिळवावेत. ऑपरेटर, डोअरकीपर आणि तिकीटखिडकीवरील कारकून हयात आहेत तोवर त्यांच्या तोंडची कैफियत लिहून घ्यावी. असे दप्तर गावोगावी उभे राहील, तर मराठी समाजाच्या नागर जीवनाचे एक अलिखित प्रकरण पुढील पिढ्यांच्या हाती येईल.

आमच्या आतिथ्यात काही न्यून आढळल्यास आपण ते उदार मनाने पुरते करून घ्यावे, अशी प्रार्थना करून, परिषदेच्या कामकाजास प्रारंभ करण्याची मी अध्यक्षमहाराजांना विनंती करतो.