अब्रू कुणाची, तोंड कुणाचं?

(महाड इथल्या तरुणांच्या शिबिरातलं भाषण)



महाडात उभा राहून बोलतोय, म्हणून सुरुवात इथूनच. २० मार्च १९२७. बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. लगेच गावात उठवलं गेलं, 'हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार!' साफ खोटं. पण त्या खोट्यावर काठ्या निघाल्या, मंडपात जेवणाऱ्या आपल्या माणसांची डोकी फुटली. तेव्हा मोबाईल नव्हता. तोंडच फॉरवर्ड करत होतं.

तेव्हा शब्द काय करतो, हे आपल्याला कुणी शिकवू नये. तरीही मी म्हणतो, 'भावना दुखावल्या' म्हणत पोलीस ठाण्याकडे धावणं हे आपलं हत्यार नव्हे.

का? दिनकरराव जवळकरांनी 'देशाचे दुश्मन' लिहिलं, टिळक-चिपळूणकरांवर. केशवराव जेधे प्रकाशक. अब्रूनुकसानीचा खटला झाला, खालच्या कोर्टानं शिक्षा ठोकली. अपिलात उभं कोण राहिलं? बॅरिस्टर आंबेडकर. १९२६ साली आरोपी सुटले.

आता २०१२ घ्या. बाळ ठाकरे वारले, मुंबई बंद. पालघरच्या एका पोरीनं फेसबुकवर विचारलं, बंद कशाला? दुसरीनं लाईक केलं. दोघींना अटक! कलम ६६अ असं, की नुसता कुणाला त्रास वाटला तरी तीन वर्षं आत. २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टानं ते कलम फेकून दिलं. पण त्याच कोर्टानं २०१६ साली फौजदारी अब्रूनुकसानी कायम ठेवली. आज ती न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बसलीय, दोन वर्षांपर्यंत कैद घेऊन. खरं आणि लोकहिताचं बोललात तर सुटका आहे. पण ते सिद्ध करायचं तुम्ही, तारखांना खेटे घालत. रेतीच्या ठेकेदाराकडे वकील असतो. त्याच्याविरुद्ध पोस्ट टाकणाऱ्या पोराकडे एसटीचं भाडं नसतं. मग अब्रू कुणाची वाचते?

कुणी म्हणेल, मग जातीवरून शिव्या खायच्या काय? मुळीच नाही! पुढाऱ्यावर, धर्मावर, सत्तेवर टीका वेगळी. जन्मावरून माणसाला खाली पाडणं वेगळं. हा अब्रूचा मामला नाही, माणूसपणाचा आहे. त्यासाठी १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे. इंटरनेटवरचा अपमानही 'लोकांसमोर' झालेला धरता येतो, असं केरळ हायकोर्टानं २०२२ साली सांगितलंय. तेव्हा शिवी आली तर उलट शिवी घालून मोकळे होऊ नका. स्क्रीनशॉट काढा, लिंक, खात्याचं नाव, तारीख-वेळ लिहा, फिर्याद द्या. तपास डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्यानं करायचा नसतो, हे ठणकावून सांगा.

पण उद्या आपल्याच एखाद्या पुढाऱ्यावर कुणी व्यंगचित्र काढलं, तर त्याला तुरुंगात घाला म्हणून ओरडू नका. उत्तर लिहा. आपण ती बेडी दुसऱ्यासाठी मागितली, की ती आधी आपल्याच मनगटात पडणार. साल्यांनी तोंड उघडू दिलं नाही म्हणून तर आपण 'मूकनायक' काढला होता!

जयभीम.